कात टाकताना

मंडळी, गेल्या अंकात फर्नेसच्या फिल्टरबद्दल लिहिलं होतं. पुढचा लेख सापावर लिहावा लागेल, आणि तोही फर्नेसमुळेच, असं तेव्हा वाटलं नव्हतं!

आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी हट्टाने बॉल पायथन पाळला. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, म्हणून हे नाव. सौ.ने महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भारतातून आलेली आई मात्र रोज त्याची चौकशी करायची.

मिशिगनच्या ऐन जानेवारीत त्याचे डोळे दुधाळ निळे झाले. "बाबा, कात टाकणार!" चिरंजीव खूष. निरोगी साप मोजा उलटा काढावा तशी अख्खी कात टाकतो. आमच्याकडे मात्र निघाले तुकडे. मानेवर चिंध्या, शेपटीच्या टोकाला घट्ट कडं, आणि उजवा डोळा झाकलेलाच. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर निघायला हवा.

इंजिनियरच मी! चिमटा घेऊन सरसावलो. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, खपली कधी ओढून काढतात का?"

चिमटा खाली ठेवला ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तो खवला ओढताना खालचा डोळाच कायमचा जायचा. मग त्यांनी विचारलं, "पेटीत आर्द्रता किती असते?" आमच्या डिजिटल मीटरने घरी येऊन उत्तर दिलं: १८ टक्के. हवी ५५ ते ६०, आणि कात टाकताना ७०च्या आसपास.

मी गप्प. एअर कंडिशनिंगवर माझं पोट चालतं. एम.एस. करताना सायक्रोमेट्रिक चार्टवर रात्री जागवल्या. बाहेरची १४ अंश फॅरनहाइटची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घरात ७० अंशांपर्यंत तापवली, की आर्द्रता जेमतेम ९ टक्के उरते. स्वयंपाक, आंघोळी, आपले श्वास यांनी थोडी वाढते, इतकंच. त्यात पेटीवर जाळीचं झाकण आणि वर तापता दिवा. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पातळ द्रव झिरपतो, त्यावर जुनी कात सुटते. हवा अशी कोरडी असली की ती चिकटून बसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

उपाय साधे निघाले. अर्धंअधिक झाकण झाकलं, पण हवा खेळती ठेवली. खालचं वर्तमानपत्र काढून नारळाचा भुसा घातला. पाण्याचं भांडं मोठं करून उबेच्या बाजूला ठेवलं. प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओलसर स्फॅग्नम मॉस भरलं, की झाली सापाची न्हाणी. मात्र सगळीच पेटी चिंब ठेवू नका, त्याने पोटाच्या खवल्यांना फोड येतात. अडकलेल्या कातीसाठी ८५ अंशांच्या उथळ पाण्यात वीस मिनिटं, तेही समोर बसून. मग ओल्या टॉवेलमधून त्याचं त्याला सरपटू द्यायचं. शेपटीचं कडं तसंच निघालं. ते राहिलं असतं तर रक्तपुरवठा तुटून टोक गळून पडलं असतं. एवढं करूनही सुटलं नाही, किंवा दर खेपेला असंच झालं, तर डॉक्टरांकडेच जावं. अंगावरच्या गोचिडीसारख्या बारीक किड्यांमुळे किंवा आजारामुळेही कात अडकते.

डोळ्यासाठी मात्र पुढच्या कातीची वाट पाहायला सांगितलं होतं. त्या सहा आठवड्यांत चिरंजीव रोज सकाळी शाळेच्या आधी टॉर्च घेऊन डोळा बघायचे आणि काही न बोलता बस पकडायचे.

मार्चमध्ये एका रविवारी वरून आरोळी आली. कात अख्खी, नाकापासून शेपटीपर्यंत! भिंगातून पाहिलं, तर उजव्या डोळ्याच्या जागी एकावर एक दोन खवले.

"बघ, त्याची त्याने काढली," आई म्हणाली. मग हळूच पुढे, "तसला वाफेचा डबा माझ्या खोलीत पण ठेव रे. टाचा फुटल्यात माझ्या."

ह्युमिडिफायर त्याच दिवशी आणला. तुमच्या घरचा मीटर काय म्हणतो, तेवढं बघून ठेवा. भेटू पुढच्या अंकात.