‘मॅनेज झाला’ म्हणू नका

उमेदवारी माघारीची मुदत दुपारी तीनला संपते आणि साडेतीनला कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या चहाच्या गाड्यावर निकाल लागलेला असतो : “त्यो मॅनेज झालाय न्हवं!” म्हणजे पैसे घेऊन माघार घेतली.

इंग्रजी जाणणारे म्हणतात, हा वापरच चुकीचा. ‘मॅनेज’ म्हणजे सांभाळणं, निभावून नेणं. हा आक्षेप मला मान्य नाही. घोडा हाताळण्याच्या अर्थाने इटालियनमधून आलेलं हे क्रियापद इंग्रजांनी दुकान आणि घर सांभाळायला लावलंच की! मराठीत त्याला नवा अर्थ आला, तर इंग्रजीची परवानगी कशाला?

परका शब्द म्हणून तो टाकावा, हेही पटत नाही. राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी आधी फार्शी-मराठी कोश केला आणि १९३८ साली भाषाशुद्धीची बाजू मांडणारा ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. त्यांच्या कोल्हापूरला हा वाद नवा नाही. पण ‘फितूर’सुद्धा मूळचा अरबीच. तरी तो उच्चारताना मराठी माणसाच्या जिभेवर चीड येते. ‘मॅनेज’ने ती चीडच काढून घेतली, माझं भांडण त्याच्याशी आहे. ‘मॅनेज झाला’ यात पैसे देणारा नाही, घेणारा नाही, रक्कम नाही. नुसतं ‘झाला’. ताप आला, तसा मॅनेज झाला!

कायदा इतका मऊ बोलत नाही. उभं राहणं किंवा माघार घेणं हा मत देण्यासारखाच निवडणूकविषयक हक्क आहे. त्यासाठी पैसे देणं-घेणं याला भारतीय न्याय संहितेचं कलम १७० सरळ लाचखोरी म्हणतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि ती देणाऱ्यालाही आहे.

“बोलण्यातला शब्द, एवढं काय मनावर घ्यायचं?” असं म्हणणाऱ्यांनी खासबागेकडे बघावं. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या मैदानात ठरवून केलेल्या कुस्तीला ‘नुरा’ म्हणतात. पकडीतला ढिलेपणा दिसला, की गॅलरीतून हुर्यो उठतो आणि पैलवानाचं नाव जातं. हीच माणसं गल्लीतल्या उमेदवाराला मात्र ‘मॅनेज’ म्हणून सोडून देतात आणि पुढच्या वेळी त्याच्याच मांडवात जेवायला बसतात.

पुरावा असेल, तर ‘पैसे खाऊन विकला गेला’ म्हणा आणि विकत घेणाऱ्याचंही नाव घ्या. पुरावा नसेल, तर ‘मॅनेज’ही म्हणू नका; कारण आजारपणामुळे किंवा घरच्यांच्या दबावाने माघार घेतलेल्या माणसालाही तोच शिक्का बसतो आणि तो पुसायला त्याच्याकडे काहीच नसतं.