घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने काढली, त्याच्यावर घर विकण्याची पाळी आली नसावी. नाहीतर त्याने तिला आणखी एक चरण खात्रीने जोडला असता. बांधताना आपण आपल्या डोळ्यांनी बघतो. विकताना मात्र स्वतःच्याच घराकडे परक्याच्या डोळ्यांनी बघावे लागते, आणि ते भलतेच अवघड जाते. वीस वर्षे ज्या डागाकडे आपले लक्षही गेले नाही, तो डाग गिऱ्हाईक उंबऱ्यातून हेरते!

घर बघायला येणारे पुरुष दिवाणखान्यात बसतात, गॅलरीतून डोकावतात, पाणी किती वेळ येते आणि सोसायटीचा महिना किती, हे विचारतात. बरोबर आलेली बाई मात्र सरळ स्वयंपाकघरात जाते. ती काही बोलत नाही. ओट्याखालचे एखादे दार उघडते, आत बघते आणि हलकेच लावून टाकते. त्या दार लावण्यातच पुष्कळदा सौदा ठरतो किंवा फिसकटतो.

सांगवीचेच घ्या ना. मुळा आणि पवना यांच्या मध्ये वसलेले हे गाव. पलीकडे खडकीचा जुना दारूगोळा कारखाना, इकडे पिंपरीस १९५४ साली निघालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पुढे टेल्को आणि बजाज. या कारखान्यांतून नोकरी केलेल्या कितीतरी कुटुंबांनी जुन्या आणि नव्या सांगवीत आपले घरकुल केले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, वस्ती वाढत गेली आणि गुंठ्यागुंठ्यांच्या जागेत तीन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांना लिफ्ट नाही. घेतेवेळी गुडघे तरुण होते, तेव्हा लिफ्टची आठवण कोणाला होणार? आता तेच गुडघे तिसऱ्या मजल्यावर चढताना कुरकुरतात, मुले नोकरीनिमित्त दूर असतात, आणि ‘विकू या आणि लिफ्टच्या इमारतीत जाऊ या’ असा विचार घरोघर चालू असतो. घ्यायला येणारी जोडपी हिंजवडीत नाहीतर चाकणकडे नोकरीला असतात. त्यांचा पगार बरा असतो, पण डोक्यावर कर्ज असते.

या घरांतली स्वयंपाकघरे एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशी. कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याचेच खण, त्यांना प्लायवुडची दारे आणि दारांवर चॉकलेटी सनमायका. वर तसेच एक लांबलचक कपाट. पंचवीस वर्षांच्या फोडण्यांनी त्या चॉकलेटी रंगाला असे काही तेज आणलेले असते, की बोट लावले तर बोट परत येताना विचार करते.

अशा वेळी दलाल सल्ला देतो, “काका, हे सगळं काढून मॉड्युलर करून टाका. भाव वाढवून मिळेल.” या सल्ल्याला मुळीच भुलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा हिशेब करा. पन्नास लाखांचे घर घेणाऱ्याला आपल्या भागात सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीन लाख रुपये पडतात. नोंदणीचे तीस हजार निराळे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर शुल्कात एक टक्का सूट आहे, तरी तीन लाख चुकत नाहीत. इतके मोजून आलेल्या माणसाच्या हातात नवे स्वयंपाकघर करायला काही उरत नाही. त्याला हवी असते दोन-चार वर्षे निभावेल अशी स्वच्छ, उजळ जागा. पुढे पैसे जमले की त्याची बायको स्वतःच्या आवडीचे करणारच, आणि तुम्ही लाखो रुपये ओतून बसवलेले सारे भंगारात घालणार. म्हणून म्हणते, दारे शाबूत असतील तर ती नुसती रंगवावीत.

मात्र सनमायकावर रंग धरत नाही, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. धरत नाही तो तेलामुळे, आणि घाईमुळे. आधी दारे बिजागऱ्यांपासून सोडवावीत आणि कोणते दार कुठले, याची चिठ्ठी बिजागरीच्या खोबणीत चिकटवावी. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ती खसखसून घासावीत. मुठीभोवती आणि गॅसच्या वरच्या दारांना दोनतीनदा घासावे लागते. स्वच्छ पाण्याने धुऊन दिवसभर वाळवावीत. रंगारी हे काम टाळतो, कारण ते दिसत नाही. तेव्हा ते स्वतः करावे किंवा त्याच्यासमोर उभे राहून करून घ्यावे. नंतर २२० नंबरच्या कागदाने चकाकी जाईपर्यंत हलकेच घासायचे, भोकांत लांबी भरायची आणि सनमायका धरणाऱ्या जातीचा प्रायमर द्यायचा. भिंतीचा उरलेला प्रायमर इथे चालत नाही. त्यावर रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस वाळवून. एक जाड हात देऊन काम उरकणाऱ्याला सरळ घरी पाठवावे. लिटरभर रंगात साधारण शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक हात बसतो, त्यावरून किती आणायचा ते ठरवता येईल.

मोरीजवळचे दार पाणी पिऊन फुगलेले असेल, तर ते रंगवून उपयोग नाही. तेवढे एक दार सुताराकडून नवे करून घ्यावे.

एक गोष्ट मात्र जपावी. दारांवर सनमायका नसून जुना ऑइलपेंट असेल, तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे किती असेल, सांगता येत नाही, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार बाधते. असा रंग पाणी लावून ओला घासावा, चिंध्या टाकून द्याव्यात आणि नातवंडांना तेवढे दिवस मावशीकडे पाठवावे. टर्पेंटाइनचा वास घरात असेतो गॅस पेटवू नये, हे तर सांगायलाच नको.

रंग कोणता? १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या कामगारवस्तीसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईने एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. ओटा, खण, फडताळे, सारे हाताच्या अंतरावर. आजच्या सगळ्या मॉड्युलरचे मूळ तिथे आहे. तिने कपाटांना निळसर हिरवा रंग दिला होता, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत असा समज होता. गंमत अशी, की ते आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असे बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकले! विकायच्या घरात मात्र हौस बाजूला ठेवावी. वर मोतिया, खाली फिकट राखाडी किंवा पिस्ता, एवढ्यावर थांबावे. पांढरा हवा असेल तर पाण्यात मिसळणारा एनॅमल घ्यावा. तेलाचा पांढरा रंग अंधाऱ्या स्वयंपाकघरात वर्षभरात पिवळा पडू लागतो.

आमच्या परिचयातल्या एका सांगवीच्या काकूंचे स्वयंपाकघर गेल्या वर्षी असेच निघाले. बाहेरून सारे रंगून झाले, आणि एका दारापाशी काकू अडून बसल्या. त्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने गॅसच्या सिलिंडरच्या तारखा होत्या, एकाखाली एक, घर घेतल्यापासूनच्या. मध्येच कुठे दुधाचा हिशेब, कुठे ‘बाळ आज शाळेत गेला’.

काका म्हणाले, “अगं, दार बंदच राहणार. आतून नाही रंगवलं तर काय बिघडलं?”

“अहो, ती पोर आधी दार उघडूनच बघेल,” काकू म्हणाल्या. “मीसुद्धा तसंच बघितलं होतं.”

दुपारभर बसून त्यांनी सगळ्या तारखा वहीत उतरवून घेतल्या आणि संध्याकाळी रंगाऱ्याला आत बोलावले.

याच काकूंच्या मोरीमागच्या भिंतीला ओल होती. रंगारी म्हणाला, “वरून एक हात मारतो, महिनाभर काही दिसणार नाही.” काकांनी तो हात मारू दिला नाही. आधी प्लंबर बोलावला, गळती काढली आणि भिंत वाळल्यावर मगच रंग लावला. नुसता भलेपणा म्हणून हे सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातच, कलम ५५ मध्ये, म्हटले आहे की, घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. २०१९ च्या पावसाळ्यात नद्यांचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले होते. तळमजल्यावरच्या मंडळींनी, आपल्या घरात आले असेल तर, कुठवर आले होते ते सांगून टाकावे. शेजारी सांगणारच आहेत.

आता वेळेचे. पावसाळी हवेत रंग वाळत नाही, आणि वाळल्यासारखा दिसला तरी पुरता कठीण व्हायला दोनतीन आठवडे घेतो. तोवर दारे आपटली तर कडा सोलतात. गिऱ्हाईक रविवारी येणार म्हणून शुक्रवारी रंग काढणे म्हणजे हसे करून घेणे. ही दिवाळी तर आलीच. यंदाचा पाडवा हुकला असे समजा. पण पौषात घराचे व्यवहार सहसा कोणी करीत नाही, हवा कोरडी असते आणि रंगारीही मोकळे असतात. पौषात दारे उतरवली तर माघात घर दाखवायला तयार होते, आणि गुढीपाडव्याच्या मुहूर्ताला विसार हाती पडायला हरकत नाही.

उरलेला रंग टाकू नये. झाकणाच्या बरणीत भरून, वर रंगाचा नंबर लिहून ओट्याखाली ठेवावा आणि किल्ल्या देताना नव्या मालकिणीला तो दाखवावा. पहिला ओरखडा तिच्याकडून महिन्याभरात पडतोच.