जकात रमजानची, फी जूनची

रमजान आला की जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावातही जकात निघते. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, तर चाळिसावा हिस्सा गरिबांचा, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. पण तो हिस्सा शंभर-दोनशेच्या नोटांत वाटला जातो आणि ईदपर्यंत संपतो. घेणारा पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभा असतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शाळा-कॉलेजची फी मात्र जूनमध्येच भरावी लागते. पेरणीचा खर्चही तेव्हाच असतो आणि कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो. अशा वेळी मुलगा गॅरेजात जातो, मुलीचं लग्न उरकलं जातं.

बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली. दान एकत्र आलं म्हणून शाळा-कॉलेजं उभी राहिली. सुटं वाटलं असतं तर काय उरलं असतं?

म्हणून गावातल्या तरुणांनी बैतुलमाल चालवावा. जकात ठरलेल्या हकदारांनाच द्यावी. सदका मात्र कोणत्याही शेजाऱ्याला देता येतो. त्यातून अभ्यासिका काढावी, तिथे कोणत्याही वस्तीतल्या मुलामुलींनी बसावं. समितीत बायका असाव्यात, कारण कुणाची चूल अडली हे त्यांनाच आधी कळतं. दर जुम्म्याला हिशेब मशिदीच्या फळ्यावर लागावा.

मयतीला धावून जाणारी पोरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तीच जूनमध्ये फीच्या खिडकीपाशीही उभी राहिली पाहिजेत.