शपथ पुरे, रीत शिकवा!

दरवर्षीं २६ जूनला, म्हणजे छत्रपति शाहू महाराजांच्या जन्मदिवशींच, अमली पदार्थविरोधी दिन येतो. मुलें रांगेंत उभीं राहून शपथ घेतात, पाहुणे भाषण ठोकतात आणि समारंभ संपतो. संध्याकाळीं तोच मुलगा वसतिगृहांत थोरल्या पोरांनीं पुढें केलेला मावा तोंडांत टाकतो. त्याची शपथ खोटी होती काय? मुळींच नाहीं. ती पाळावी कशी, हें त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें.

कायदे आहेत. शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये, हा कायदा २००३ चा. राज्यांतील गुटखाबंदी २०१२ ची. परंतु दोस्ताच्या हातून पुडी येते तेथें शिपाई उभा नसतो. तेथें मुलाची स्वतःची अक्कलच कामास यावी लागते.

ती अक्कल शिकवितां येते. १९७१ सालीं डी'झुरिला व गोल्डफ्रीड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं अडचण सोडविण्याच्या पायऱ्या मांडल्या. गडबडून न जातां थांबावें. अडचण नेमकी ओळखावी. सुचतील तितके मार्ग मोजावे. परिणाम पाहून एक निवडावा. तो साधला कीं नाहीं तें मागाहून तपासावें. आमच्या त्या मुलाची खरी अडचण कोणती? नाहीं म्हटलें तर खोलींत एकटा पडेन, ही! एवढें उमगलें कीं मार्ग दिसूं लागतात. दुसरा सोबती जोडावा, खेळायला निघून जावें, हसून पण ठाम नकार द्यावा, गुरुजींस सांगावें. यांतला कोणता निभेल तें त्यानेंच ठरवावें व वर्गांत दहा वेळां करून पाहावें.

हे हवेंतले मनोरे नव्हेत. न्यूयॉर्क राज्यांतील ५६ शाळांत बॉटविन यांनीं हा प्रयोग केला. १९८५ पासून सातवीच्या मुलांना निर्णय घेण्याचे व नकार देण्याचे धडे दिले, पुढें दोन वर्षें उजळणी घेतली. १९९५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बारावीपर्यंत या मुलांत तंबाखू, दारू व गांजा यांचें सेवन इतरांहून कमी होतें, आणि ज्यांस धडे पुरे मिळाले त्यांच्यांत फरक अधिक होता.

शेतकरी-मजूर आईबाप पोटाला चिमटा घेऊन पोराला शाळेंत धाडतात. त्याला एक दिवस उपदेश पाजून मोकळे होणें आतां शिक्षणसंस्थांच्या चालकांनीं सोडावें. आधीं गुरुजींस ही रीत शिकवावी व आठवड्याचा एक तास तिच्यासाठीं राखावा, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे. हा तास वांचविला, तर त्याची किंमत आमचीं पोरें जन्मभर भरतील.