पावडर मानेशी जुळवा



आमच्या बेळगावात खडेबाजार दोन. एक गावातला, एक शहापूरचा. लग्नसराईत शहापूरच्या खडेबाजारात बस्ता बांधायला पार निपाणी-कोल्हापूरकडनं माणसं येतात. साडी घेताना काय थाट! पन्नास साड्या उलगडायच्या, मुलीच्या खांद्यावर पदर टाकून रंग खुलतोय काय बघायचं. आणि त्याच मुलीसाठी फेस पावडर घेताना? डबी उघडून बघायचीसुद्धा नाही. एकच प्रश्न, "ह्याच्यापेक्षा उजळ आहे काय ओ?"

मला हे पटत नाही. पावडरचं काम रंग बदलणं नव्हेच. तेल आणि घाम टिपायचा, चकाकी कमी करायची, एवढंच. गव्हाळ चेहऱ्यावर पांढरी पावडर थापली की चेहरा एकीकडे नि मान एकीकडे. फोटोत तर राखच दिसते.

हे आलं कुठनं? थोडं नाटकातनं असावं. संगीत नाटक ज्यांनी 1880 साली 'शाकुंतल'नं उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्या काळच्या मिणमिणत्या उजेडात मागच्या रांगेला चेहरा दिसायचा तर रंग दाट लागणारच. रंगमंचाला ते शोभतं. पण बघायच्या कार्यक्रमात पाहुणे दोन हातांवर बसलेले असतात, आणि खोलीत ट्यूबलाईट लख्ख.

मी बँकेत होते. काउंटरवर दिवसभर माणसांच्या समोर. नोकरीची पहिली काही वर्षं स्नो नि टाल्कम एवढाच आमचा शृंगार. दुपारपर्यंत कपाळावर पापुद्रे धरायचे. मग एका सहकारी बाईनं शिकवलं, ते आजही नातींना सांगते.

डबी घेताना पावडर मनगटावर नको, जबड्याखाली मानेजवळ लावून बघा. आणि दुकानाच्या दिव्यात नको, दारात येऊन दिवसाच्या उजेडात. लावून दिसेनाशी झाली की ती तुमची. तोंड धुऊन क्रीम लावलं की पाच मिनिटं थांबा, ते मुरू दे. पफवर थोडी घेऊन जादाची झटका. मग कपाळ, नाक, हनुवटी इथं दाबून लावा, घासू नका. आपल्या पावसाळ्यात चेहरा चिकचिकतो, तेव्हा आधी रुमालानं टिपा, मगच पावडर. नाहीतर थरावर थर. थंडीत कातडी कोरडी असते, नाकापुरती पुरे. पफ आठवड्याला धुवा. आणि बाळाच्या तोंडासमोर डबा झटकू नका, ती भुकटी श्वासातनं आत जाते.

आम्ही कॉमर्सवाल्या, सही करण्याआधी कागद उलटून बघायची सवय. डबीही उलटून बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, वापराची मुदत नसेल तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. आणि आता महागाईची सबबही राहिली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून फेस पावडर आणि टाल्कमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झालाय.

पण खरा मुद्दा डबीचा नाही, आपल्या जिभेचा आहे. नात्यातली एक मुलगी, शिकलेली, कमावती. पाहुणे यायच्या आधी तिची मावशी म्हणाली, "अजून एक हात मार ग, सावळी दिसतेस." पोरीनं आरशात बघितलं नि गप्प बसली. पाहुणे गेल्यावरही बोलेना. त्या एका हातानं तिच्या तोंडावर पावडर नाही चढली, तिच्या मनातनं ती स्वतःच थोडी उतरली.

1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. 2020 मध्ये कंपनीनं नावातनं 'फेअर' काढून टाकलं. कंपनीला जे पंचेचाळीस वर्षांनी का होईना जमलं, ते आपल्या घरात कधी जमणार? आषाढीला आपण ज्याच्या पायावर डोकं ठेवतो तो विठोबा काळाच. त्याला कुणी उजळ करायला जात नाही.

पावडर जरूर लावा, हौसेनं लावा. मी सत्तरी ओलांडली तरी लावते. पण मुलीला डबी देताना "उजळ दिसशील" म्हणू नका. "छान दिसतेस" म्हणा. आणि ते पावडर लावायच्या आधी म्हणा.