गर्दीतला गळ

जायकवाडीच्या 27 दरवाज्यांपैकी काही उचलले, गोदावरीत पाणी सोडलं, अशी बातमी आली की आमच्या मोहल्ल्यात दोन प्रकारची माणसं कामाला लागतात. ज्यांचे नातेवाईक नदीकाठी राहतात ती फोन लावतात. ज्यांच्या घरात गळ आहे ती गांडुळं शोधायला निघतात. मी पेशाने शिक्षक, पण पावसाळ्यात माझी गणती दुसऱ्या प्रकारात.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी फजरची नमाज झाली आणि मी, माझा मेहुणा आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा असे घनसावंगी तालुक्यातल्या एका बंधाऱ्याकडे निघालो. पोहोचलो तेव्हा उजाडलंच होतं, तरी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. खांद्याला खांदा लावून माणसं उभी. कुणाच्या हातात बांबूची काठी, कुणाकडे ऑनलाइन मागवलेला रॉड, कुणी फेकजाळं घेऊन गुडघाभर पाण्यात. दोन पोरं चक्क मच्छरदाणी पसरून बसली होती. दर पाच मिनिटांनी दोऱ्यात दोरा अडके आणि "भाई, जरा सरको ना"पासून सुरू झालेलं बोलणं आईबहिणीपर्यंत जाई. नऊच्या सुमारास मागून कुणीतरी झटक्याने गळ फेकला आणि तो भाच्याच्या तळहातात रुतला. दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन, रडारड. घरी आणले तीन मासे. पेट्रोल, चहा-भजी आणि दवाखान्याचा खर्च धरला तर तेवढ्यात जालन्याच्या बाजारातून साफ करून, तुकडे करून मिळणारा रोहू दोन रविवार खाता आला असता.

मग एवढा खटाटोप कशासाठी? जे जातात त्यांना मी हसणार नाही. जालना हे स्टीलच्या कारखान्यांचं आणि बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव. भट्टीपुढे आठवडा काढलेल्या माणसाला वाहत्या पाण्याची ओढ वाटली तर नवल नाही. शिवाय 2013च्या दुष्काळात आपण टँकरमागे हंडे घेऊन धावलेली माणसं आहोत. भरलेली गोदावरी बघणं हेच आपल्याला सणासारखं असतं. आणि त्या काठावर कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही. ज्याच्या दोऱ्याशी माझा दोरा गुंतला आणि ज्याच्याशी मी तावातावाने भांडलो, त्यानेच दवाखान्यात जाताना आपली मोटारसायकल काढली आणि नंतर फडक्यातली भाकरी-ठेचा पुढे केला. हे सुख बाजारात मिळत नाही, मान्य.

तरीही माझं मत आता बदललं आहे, आणि त्याचं कारण गर्दी नाही. तीन माशांतला सगळ्यात मोठा घरी चिरला तेव्हा त्याच्या पोटातून गाभोळी निघाली. घरात सगळे खूश झाले, मीही आवडीने खाल्ली. रात्री मात्र विचार करत बसलो. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि काठच्या उथळ, पाण्याखाली गेलेल्या जमिनीत अंडी घालतात. कोकणात असे वर चढणाऱ्या माशांना चढणीचे मासे म्हणतात. वाटेत बंधाऱ्याची भिंत आली की मासा तिथे अडतो, घोळका करतो. म्हणूनच आपण नेमके तिथे जातो. म्हणजे आपली गर्दी माशांच्या बाळंतवाटेवर उभी असते. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. उरलेली पिल्लं त्या मच्छरदाणीत जातात.

कुणी म्हणेल, सर, सरकार मत्स्यबीज सोडतंच की. सोडतं. 1957 साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाची सुई टोचून या माशांची वीण घडवली, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होतं. पण ते मुख्यतः रोहू-कटल्याचं. आपल्याला जिची चव सगळ्यात प्रिय ती मरळ किंवा वाम आपली वीण नदी-तळ्यातच चालवतात. मरळ तर पिल्लांची राखण करत बसते आणि म्हणूनच सहज सापडते. आणि तळ्या-धरणांत सोडलेलं बीज बहुतेक ठिकाणी भोई समाजाच्या सहकारी संस्थांनी ठेका भरून, पैसे मोजून सोडलेलं असतं. त्यांचं वर्षाचं पोट त्यावर. आपला रविवारचा छंद त्यांच्या ताटातून जातो.

अलास्कातल्या रशियन नदीवर सॅमन वर चढू लागला की अशीच खांद्याला खांदा गर्दी होते, तिथेही गळ माणसांना लागतात. पण तिथे परवाना लागतो आणि एका दिवसात किती मासे न्यायचे याला मर्यादा असते. आपल्याकडे असा हिशेब ज्याने त्याने स्वतःशी ठेवायचा. कुरआनातल्या सब्तवाल्यांचा किस्सा आपण लहानपणी मकतबमध्ये ऐकलेला असतो. ज्या दिवशी मनाई, त्याच दिवशी मासे काठाशी येत. मासा समोर दिसत असताना हात आवरणं, ही परीक्षा जुनीच आहे. माशाला जबह लागत नाही, तो हलाल आहे, हे खरं. पण हलाल आहे म्हणून कधीही, कितीही न्यावा असं त्यातून निघत नाही.

तेव्हा माझं उत्तर असं: पुराच्या दिवसांत बंधाऱ्यावर जाणं परवडत नाही. खिशाला नाही, जिवाला नाही, कारण वरचा दरवाजा कधी उचलतील ते काठावरच्याला कळत नाही. आणि नदीला तर अजिबात नाही. पाणी बघायला जा, लांबून बघा, भजी खा, परत या. गळ दिवाळीच्या सुट्टीत काढा. तेव्हा पाणी निवळलेलं असतं, माशांची वीण उरकलेली असते आणि काठ रिकामा असतो. मासे कमी लागतील. घरी चार माणसांना पुरतील एवढे मिळाले की उठा.

भाच्याच्या तळहातावर अजून खूण आहे. यंदा दरवाजे उचलल्याची बातमी आली तेव्हा त्याने फोन करून विचारलं, "मामू, कब जाना?" मी त्याला दिवाळीचं सांगितलं. तो रुसला आहे. गळ माळ्यावर ठेवला आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही लक्ष अधूनमधून तिकडे जातंच.