‘आपल्यात’, ‘मला वाटते’ आणि ‘मी मानते’



पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूर मागे पडले की काही वेळाने भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव येते. जवळच वरवे खुर्द आहे. ‘बुद्रुक’ हा फारसीतील ‘बुजुर्ग’ या शब्दाचा मराठी अवतार. त्याचा अर्थ मोठा. ‘खुर्द’ म्हणजे लहान. सातबाऱ्यावर, बसच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर हा शब्द नित्य येतो. पण तो कोठून आला, असा प्रश्न त्या गावात वाढलेल्यालाही सहसा पडत नाही. आपल्या श्रद्धा आणि आपली मूल्ये पुष्कळदा अशीच आपल्याकडे येतात. ती आपण वापरतो, त्यांनुसार निर्णय घेतो, मात्र त्यांचा अर्थ विचारण्याची वेळ क्वचितच येते. भाषा आणि साहित्य यांचा पदवीपर्यंत अभ्यास करणाऱ्याने ही वेळ स्वतःवर आणली पाहिजे, असे माझे मत आहे. ते मी एका अनुभवाच्या आधारे मांडतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या संपर्कसत्रांना एक विद्यार्थिनी येत असत. वय चाळिशीच्या आसपास, सासर शहरात, माहेर वरवे बुद्रुकचे. ‘मला महत्त्वाचे वाटणारे मूल्य’ या विषयावरील स्वाध्यायात त्यांनी स्त्री-पुरुष समानतेवर लिहिले होते. उत्तर नेटके होते. त्यात थोर समाजसुधारकांचे दाखले होते, संविधानाचा उल्लेख होता, शुद्धलेखनही निर्दोष होते. मी चांगले गुण दिले. पुढच्या सत्राला त्या आल्या नाहीत. नंतर कारण विचारले तेव्हा त्या सहजपणे म्हणाल्या, “सर, दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे होते. भावांना हक्कसोडपत्र करून दिले.” मी काही बोलण्याआधीच त्यांनी पुढे सांगितले, “आपल्यात बहिणी सही करून देतात. वाटणी मागितली की माहेर तुटते.”

महामार्गालगतच्या गावांत गुंठ्याचे मोल किती वाढले आहे, हे तुम्हांला सांगायला नको. कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना वाटा दिला. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो अधिक व्यापक झाला. आणि मुलीचा हा हक्क जन्माने प्राप्त होतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले. हक्क सोडण्याचे स्वातंत्र्यही कायद्याने ठेवले आहे. तेव्हा त्यांनी सही करून चूक केली, असे मी म्हणणार नाही. माझ्या मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. समानतेवरचे उत्तर आणि ती सही या दोन्ही एकाच हाताने, जवळजवळ एकाच महिन्यात लिहिल्या गेल्या. तरी त्यांची एकमेकींशी गाठ पडली नाही. आणि ज्या उत्तरात लिहिणारी व्यक्ती कोठेच नव्हती, त्या उत्तराला मी शिक्षक म्हणून उत्तम ठरवले होते. दोष एकट्या त्यांचा नव्हता.

आता त्यांच्या वाक्याकडे भाषेचे विद्यार्थी म्हणून पाहा. ‘आपल्यात बहिणी सही करून देतात.’ या वाक्यात ‘मी’ नाही. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. म्हणून ‘आपल्यात’ म्हटले की ऐकणाराही त्या रीतीत ओढला जातो आणि ‘का?’ असे विचारणारा परका ठरतो. ‘असे म्हणतात’, ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ ही वाक्येही याच जातीची. त्यांचा कर्ता शोधू गेल्यास सापडत नाही.

दुसरी रचना ‘मला वाटते’ ही. येथे व्यक्ती आली, पण चतुर्थीत. ‘मला थंडी वाजते’, ‘मला भूक लागते’ यांच्या रांगेतले हे वाक्य आहे. वाटणे ही माझ्याकडे येणारी गोष्ट. मी ती अनुभवतो. या रचनेत प्रामाणिकपणा आहे, नम्रताही आहे. तथापि थंडी वाजल्याचा जाब जसा कोणी मागत नाही, तसा वाटण्याचाही मागत नाही.

तिसरी रचना ‘मी मानतो’, ‘मी मानते’. येथे ‘मी’ प्रथमेत, कर्त्याच्या जागी आहे. क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘मला वाटते’ या वाक्यावरून बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. ‘मी मानते’ म्हणताच ती स्त्री वाक्यात उभी राहते. आणि ‘मी मानते’ म्हटल्यावर ‘कारण’ हा शब्द फार काळ दूर ठेवता येत नाही. व्यक्तिगत मूल्य म्हणावे ते येथून पुढे सुरू होते, असे मी मानतो.

मराठी गद्याच्या इतिहासात याचे एक तेजस्वी उदाहरण आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्मग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल आहे. तो ती ऐकीव दाखल्यांनी सोडवत नाही. उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांची वेदना पुढे ठेवते. एका शाळकरी मुलीचे हे लेखन आजही वाचले जाते, याचे कारण तिने शाळेत मिळालेली अक्षरे स्वतःच्या जगण्याला लावून पाहिली.

दुसरे उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरीब घरात जन्मलेल्या आगरकरांनी विद्यार्थिदशेतच आईला कळवले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस; पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांच्या हितासाठी देणार आहे. सुखाच्या दिवसांची वाट पाहणाऱ्या आईला असे लिहिणे सोपे नव्हते. मूल्याची किंमत कधी कधी आपल्या माणसांनाही मोजावी लागते, हे त्यांनी लपवले नाही.

यावर कोणी म्हणेल, की परीक्षेत गुण मिळतात ते पुस्तकातील मुद्द्यांना. ही अडचण खरी आहे आणि ती दूर करणे आम्हां शिक्षकांचे काम आहे. पण तुमच्याजवळ नियमित महाविद्यालयातील कोवळ्या विद्यार्थ्यांकडे नसलेली एक गोष्ट आहे. तुम्ही संसार केला आहे, नोकरी किंवा शेती केली आहे, वाटण्या, आजारपणे, लग्ने पाहिली आहेत. मूल्यांची परीक्षा तुमच्या घरात रोज होते. ती अनुभवसामग्री उत्तरपत्रिकेबाहेर ठेवून तुम्ही इतरांची वाक्ये उतरवून काढता, तेव्हा तुमचेही नुकसान होते आणि मराठीचेही.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी एवढेच विचारले होते, “आपल्यात म्हणजे कोणात?” त्या गप्प राहिल्या. पुढच्या सत्रात त्यांनी तोच स्वाध्याय न सांगता पुन्हा लिहून आणला. या वेळी जेमतेम दीड पान होते, दाखला एकही नव्हता. त्यांनी लिहिले होते, की मी समानता मानते. तरीही सही केली, कारण धाकट्या भावाने आईचे अंथरुणावरचे दिवस काढले आणि मला ते जमले नाही. मात्र सही करण्यापूर्वी मला कोणी विचारले नाही, मी करणारच असे सर्वांनी धरले होते, याचे दुःख आहे. माझ्या मुलीला विचारल्यावाचून कोणी कागद पुढे करणार नाही, एवढे मी पाहीन.

पहिल्या उत्तराहून यात शुद्धलेखनाच्या चुका अधिक होत्या. तरी ते त्यांचे स्वतःचे उत्तर होते.

तुमच्यासाठी एक स्वाध्याय सुचवतो. आपल्या घरात वारंवार बोलले जाणारे, ‘आपल्यात’ या शब्दाने सुरू होणारे एक वाक्य वहीत लिहा. मग ते ‘मी मानतो’ किंवा ‘मी मानते’ अशी सुरुवात करून पुन्हा लिहा आणि पुढे ‘कारण’ जोडा. कारण सापडले, तर ते मूल्य आता तुमचे झाले. सापडले नाही, तर वाक्य खोडण्याची घाई करू नका. काही दिवस ते तसेच वहीत राहू द्या आणि घरातल्या थोरांनाही विचारून पाहा.